रेघेत वाहणारा वारा

गवंडी भिंत सरळ आहे का ते पाहायला दोरीला वजन बांधून खाली सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. आमच्या गोष्टीतल्या ट्रॅक्टरवाल्याचं नाव तेच पडलं होतं, कारण त्याने पेरलेली ओळ या बांधापासून त्या बांधापर्यंत कुठेही वाकडी नसे. पीक वर आलं की आजूबाजूचे ट्रॅक्टरवाले बांधावर येऊन उभे राहत, एक डोळा मिटून ओळींकडे पाहत आणि परत जात.

तो बावीस वर्षं एकाच शेतावर होता. आधी शेत आताच्या मालकीणबाईंच्या भावाचं होतं. तो गेल्यावर बाईंकडे आलं. बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. शेतीतलं आपल्याला काही कळत नाही, असं त्या स्वतःच सांगत, त्यामुळे लोक त्यांना जरा घाबरून असत.

पेरणी करताना समोरची खूण धरून गाडी सरळ न्यायची आणि त्याच वेळी मागे वळून पेरणी यंत्राच्या नऊ नळ्यांतून बी नीट पडतंय ना तेही पाहायचं, असं ते काम. ओळंबा उजव्या खांद्यावरून मागे पाही. पाहून पाहून मान तिकडेच राहिली होती. नाकासमोर चालणारा माणूस, असं लोक त्याच्याबद्दल म्हणत. ते खरंच होतं, फक्त नाक थोडं उजवीकडे होतं. घरी जेवायला बसताना बायको त्याच्या उजव्या हाताला बसे. समोर बसली तर तो भिंतीशी बोलतोय असं वाटायचं.

त्या वर्षी गव्हाच्या पेरणीआधी बाईंनी ट्रॅक्टरला स्वतः वळणारं स्टिअरिंग बसवून घेतलं. ते बसवायला एक मुलगी आली. तिने टपावर पातेल्याच्या झाकणाएवढी तबकडी बसवली, आत एक पडदा लावला.

ओळंब्याने तबकडीकडे पाहिलं. "हे कुठं बघतं?"

"वर. उपग्रहाकडे," मशीनवाली म्हणाली.

"ओळ खाली असते."

"हो. पण आपण कुठे आहोत ते वरून कळतं."

"मी कुठे आहे ते मला माहीत असतं."

मशीनवालीने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "अर्धं शेत यांना पेरू द्या, अर्धं तुम्ही पेरा. पडदा दोन्हीकडे चालू ठेवा. हे पेरतील तेव्हा पडदा नुसता बघेल."

तसंच झालं. ओळंब्याने आपला अर्धा भाग दीड दिवसात पेरला, मान वळवून, दात आवळून. दुसऱ्या भागात मशीनवाली सीटवर बसली आणि हात मांडीवर ठेवून होती. ओळंबा बांधावर उभा राहून ते पाहत होता. त्याच्या मते ते असभ्य दिसत होतं.

गहू वीतभर वर आल्यावर निवाडा करायला त्याचा साडू आला. साडू शेजारच्या शेतावर ट्रॅक्टर चालवायचा आणि ओळंब्याला कधीच चांगलं म्हणायचा नाही, त्यामुळे सगळ्यांनी त्याला निष्पक्ष मानलं. त्याने एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला.

"दोन्ही सरळ," तो म्हणाला. "फरक सांगता येत नाही."

ओळंबा घरी जाऊन बायकोला म्हणाला, "बरोबरी झाली."

"आकाशाशी?" बायकोने विचारलं.

"हो."

"मग जेवा."

आता त्या शेताच्या वाऱ्याबद्दल सांगायला हवं. कापणीच्या आधी पंधरा-वीस दिवस तिथे जोराचा वारा सुटे आणि उभा गहू लोळे. सगळा नाही. पट्ट्यापट्ट्यांनी. एक पट्टा आडवा, पुढचा उभा, पुन्हा एक आडवा. बाईंचा भाऊ म्हणायचा, आपल्याकडे वारा रेघेत वाहतो. साडूचं म्हणणं होतं की पश्चिमेच्या उंच झाडांमधून वारा चिरला जातो. त्यावर उपाय म्हणून एकदा दोन झाडं तोडून पाहिली होती. वाऱ्याने दाद दिली नाही. आडवा झालेला गहू यंत्राने नीट कापला जात नाही, दाणा मातीत राहतो. तेवढं वाऱ्याचं, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं.

त्याही वर्षी वारा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळंबा शेतावर गेला आणि बांधावर थांबला. त्याच्या अर्ध्यात पट्टे पडले होते. मशीनच्या अर्ध्यात गहू उभा होता. झाडं दोन्हींच्या मागे सारखीच होती.

तो आत शिरला. पहिल्या आडव्या पट्ट्यापाशी उकिडवा बसला आणि बुडाशी हात घालून पाहिलं. एका ओळीत दुप्पट दाटी होती, ताटं लांबट, मऊ. तीच कोसळली होती आणि पडताना शेजारच्यांना घेऊन पडली होती. तिथून त्याने ओळी मोजल्या. सात उभ्या, आठवी दाट. पुन्हा सात उभ्या, आठवी दाट. तो असाच मोजत पलीकडच्या बांधापर्यंत गेला. दाट ओळी एकाहत्तर भरल्या.

मग तो बांधावर बसून आपल्या पेरणीच्या फेऱ्या आठवू लागला. मधे रिकामी जागा राहू नये म्हणून परतीच्या फेरीत पहिली नळी तो आधीच्या शेवटच्या ओळीवरूनच न्यायचा. ज्याच्या हाताखाली तो पेरणी शिकला त्या गुरूने तसं शिकवलं होतं. ओळ ओळीवर इतकी बेमालूम बसायची की बाहेरून एकच दिसायची. त्याचा हात तेवढा चांगला होता. एखाद्या साधारण हाताच्या माणसाची चूक पहिल्याच वर्षी दिसली असती. त्याच्या हातची बावीस वर्षं झाकून राहिली. प्रत्येक फेरीला एका ओळीत दोनदा बी, दोनदा खत.

तो बाईंच्या घरी गेला. बाई व्हरांड्यात वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होत्या.

"बाई, तो वारा नव्हता," तो म्हणाला. "मी होतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "बसा."

तो बसला नाही. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या बाजूला बहात्तर फेऱ्या झाल्या. तिच्या बाजूला चौसष्ट. जागा सारखीच. पडद्यावर त्याच दिवशी दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला शेतीतलं कळत नाही. फेऱ्या जास्त झाल्या एवढं कळलं. त्याने काय होतं ते नाही कळलं. आणि बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं?"

"नाही," ओळंबा म्हणाला आणि मग बसला.

"भाऊ तुमचं कौतुक करायचा," बाई म्हणाल्या.

"त्यांनी दोन झाडं तोडली."

"हो. तेही खरं."

चहा झाला. ओळंबा म्हणाला, "साडूला मीच सांगतो. दुसऱ्याकडून कळलं तर तो टोमणे वर्षभर पुरवेल." त्याने सांगितलं. साडू ते ऐकून घाईघाईने आपल्या शेताकडे निघून गेला. संध्याकाळपर्यंत परत आला नाही. त्याच्याकडेही वारा रेघेतच वाहायचा.

कापणीत मशीनच्या अर्ध्यात बी नवव्या हिश्श्याने कमी जाऊनही धान्य जास्त आलं. पुढच्या पेरणीला ओळंबा स्वतःच मशीनवालीला म्हणाला, "दाखव कुठलं बटण."

पहिले दोन दिवस त्याला हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्याने ते खिशात घातले, मग घडी घातली, मग सीटखाली धरले. मागच्या नळ्यांचंही पडदाच सांगायचा, एखादी तुंबली तर शिट्टी वाजायची. वळून पाहायचं कारण उरलं नाही. महिन्याभरात मान सैल पडायला लागली. एका दुपारी बायको सवयीने उजव्या हाताला बसायला आली, तर तो म्हणाला, "समोर बस." ती बसली. त्याने नीट पाहिलं.

"तुझ्या उजव्या गालावर तीळ आहे?"

"लग्नाच्या आधीपासून आहे," ती म्हणाली. "वाढू का?"

शेतातही तो आता इकडेतिकडे पाहायला लागला. आधी त्याला शेत म्हणजे समोरची खूण आणि मागच्या नळ्या. मधलं काही माहीत नव्हतं. एकदा मशीन गाडी नेत असताना त्याला डाव्या अंगाला परातीएवढी जागा काळपट दिसली. गेल्या आठवड्यात पाणी दिलेलं नव्हतं. त्याने गाडी थांबवली, उतरला, पायाने दाबून पाहिलं. जमीन ओली होती. त्याने तिथे काठी रोवली आणि पुढचं पेरून घेतलं.

दुसऱ्या दिवशी खणलं तर जमिनीखालच्या नळाचा जोड फुटला होता. किती दिवसांपासून, ते कुणाला सांगता येईना. मशीनवाली म्हणाली, ओल मोजणारा काटा तिथे लावला असता तर लगेच कळलं असतं.

"लावा की," ओळंबा म्हणाला आणि खड्ड्यात उतरून जोड बसवायला लागला.