भुशाची खाज

मी एक जुना लाकडी हात आहे. पाठ खाजवायला असतो, तसला. एका सुताराने मला खुर्चीच्या उरलेल्या पायातून कोरलं, स्वतःसाठीच. त्याच्या कमरेवर आणि पाठीवर तांबूस चट्टे उठत आणि फार खाजत. "भुशाची खाज आहे," तो म्हणायचा. सुताराच्या घरात ते सगळ्यांना पटलं.

मित्रांनो, तेव्हा माझा थाट होता. रंधा, करवत, पटाशी कारखान्यात भिंतीला आणि मी त्याच्या उशाशी. "या घरात कामाचा एवढा एकच," तो म्हणे. "हो, बाकीचे आयतं खातात," बायको आतून म्हणे.

उन्हाळ्यात चट्टे फिके पडत, मग पुन्हा येत. औषधाच्या दुकानातली मलमं झाली. त्याने साबण बदलला, लाकूडही बदलून पाहिलं. अशी वर्षं गेली. माझी बोटं झिजून गुळगुळीत झाली.

एकदा पाठीला मलम लावताना बायको थांबली.

"अहो, भुसा उडतो हातांवर. हात तर स्वच्छ आहेत. मग हे सगळं शर्टाच्या आतच कसं?"

"आत शिरतो गं."

"हात सोडून? शहाणाच आहे तुमचा भुसा. उद्या डॉक्टरकडे जायचं."

"उद्या एक दार बसवायचंय."

"दार कुठे पळून जात नाही."

कातडीच्या डॉक्टरांनी कातडीचा बारीक तुकडा तपासायला पाठवला. नीट काही कळलं नाही, म्हणून पुन्हा काढला. नंतर बायको मुलीशी फोनवर बोलली, ते मी ऐकलं. "अंगाची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात ना, त्यातल्याच काही बिघडल्यात. कातडीत येऊन बसल्यात. कॅन्सर आहे. क्वचित कुणाला होतो म्हणाले. नाही, दुसऱ्याला लागत नाही. ताब्यात ठेवता येईल म्हणाले. पुढचं नाही बोलले." किराणा सांगावा तसा तिचा आवाज होता.

सुतार खाटेवर बसून होता. "म्हणजे भुसा नव्हता," एवढंच म्हणाला. मग उठून आणखी एक दार बसवायला गेला.

आता तो दवाखान्यात कपाटाएवढ्या पेटीत उभा राहून चट्ट्यांवर उन्हासारखी किरणं घेतो. "त्या पेटीचं दार खाली घासतंय," तो सांगतो. "मग रंधा घेऊन जा," बायको म्हणते. दोघं हसत नाहीत. जेवायला बसतात.

ओरखड्यांतून जंतू शिरतात, म्हणून मला खणात ठेवलं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही. खरं तर काहीच वाटत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला खाज शमवता येते, ती कशाची आहे हे कळत नाही. तुमच्या घरात कुणाचा चट्टा महिनोन्‌महिने जात नसेल, तर त्याला माझ्या भरवशावर ठेवू नका. डॉक्टरांना दाखवा.

कधी कधी तो खण उघडतो, मला उचलतो, खांद्यापर्यंत नेतो. तिथे त्याचा हात थांबतो. मग मी वाट पाहतो, त्याने मला परत ठेवण्याची.