सव्वीस दात्यांचं चाक

बत्तीस वर्षं औषधांचं दुकान चालवताना औषधवाल्यांनी एक वाक्य दिवसातून दहादा तरी म्हटलं असेल, "ते कंपनीने बंद केलंय, त्याऐवजी हे घ्या, गुण तोच." म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. पण गेले तीन महिने हेच वाक्य त्यांना स्वतःला ऐकावं लागत होतं, आणि प्रत्येक वेळी ते असे भडकायचे, जणू कंपनीने त्यांना न विचारता दुकान गुंडाळलं होतं.

भानगड मोटरसायकलची होती. गाडी वडलांच्या वेळची. ती बनवणारी कंपनी बंद पडून पंचवीस वर्षं झाली, तरी गाडी व्हरांड्यात जुन्या चादरीखाली दिमाखात उभी होती. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत पोचवणारं सव्वीस दात्यांचं एक चाक तिच्यात असतं. मिस्त्री लोक त्याला 'सव्विशी' म्हणतात. या गाडीच्या सव्विशीचे सात दाते झडले होते. किक मारली की इंजिन झकास सुरू व्हायचं, व्हरांडाभर धूर करायचं, आणि गाडी जागची तसूभर हलायची नाही.

औषधवाल्यांनी चाक लेथवाल्याकडे नेलं आणि म्हणाले, "अगदी हुबेहूब हवं." लेथवाला शब्दाचा पक्का. त्याने चार दिवस खपून हुबेहूब चाक केलं. एकोणीस दाते आणि सात झडलेल्या जागा. "तुम्हीच म्हणालात ना हुबेहूब," असं वर त्यानेच ऐकवलं. दुसऱ्यांदा त्याने सव्वीसच्या सव्वीस दाते केले, पण पोलाद मऊ निघालं आणि चाकाने गल्लीच्या तोंडाशीच मान टाकली.

एवढी घाई कशासाठी, तर ताई येत्या शनिवारी जाणार होती. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी, वय अडुसष्ट. राहायची दोन गल्ल्या पलीकडे. अजून स्कूटरवरून बाजारहाट करायची, आणि येता-जाता दुकानात डोकावून "ही बाटल्यांची रांग वाकडी का?" म्हणून भावाला गिऱ्हाइकांसमोर झापायची. तिची लेक परदेशात स्थायिक झालेली. आता ताईही तिकडेच जाणार होती, आणि ते कायमचंच. घर विकूनही झालं होतं.

"ताईची एवढीच इच्छा आहे," औषधवाले बायकोला सांगायचे, "जाण्याआधी एकदा या गाडीवरून चक्कर मारायची."

"असं ताई कधी म्हणाल्या?"

"सगळं बोलूनच दाखवायला लागतं का माणसाला?"

बायको यावर त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढायची. तिला तीस वर्षांचा अनुभव होता.

आता, बंद पडलेल्या गाड्यांच्या मालकांचा एक अलिखित नियम असतो. आपली नड समोरच्याला कळू द्यायची नाही. कळली की समोरचा भाव खातो. म्हणून यांच्यातला कोणीही स्वतःसाठी कधी काही मागत नाही. सगळे एका मित्रासाठी विचारायला आलेले असतात, आणि सहज इकडून जात असतात. औषधवाले या नियमाचे कट्टर भक्त. त्यांनी कामाला लावलं ते आपल्या मिस्त्रीला, धाकट्या मेहुण्याला, आणि गावोगाव फिरणाऱ्या औषध कंपन्यांच्या पाच-सहा प्रतिनिधींना. ते बिचारे डॉक्टरांना खोकल्याच्या औषधाचे नमुने देऊन बाहेर पडायचे आणि शेजारच्या गॅरेजात शिरून सव्विशीची चौकशी करायचे. सगळ्यांना एकच ताकीद होती, "माझं नाव काढायचं नाही."

थोड्याच दिवसांत एक नवीनच गोष्ट औषधवाल्यांच्या कानावर येऊ लागली. ते जातील तिथे त्यांच्या आधी कोणीतरी येऊन गेलेलं असायचं. भंगारवाला म्हणायचा, "सव्विशी? काल एक टाय लावलेला माणूस विचारून गेला." दुसऱ्या गावचा गॅरेजवाला म्हणायचा, "भलतीच मागणी आहे हो त्या चाकाला. मोठी पार्टी दिसतेय मागे." औषधवाल्यांची झोप उडाली. कोण हा? कशाला हवंय त्याला आत्ताच? जेवताना, दाढी करताना, गोळ्या मोजताना त्यांच्या तोंडी 'तो' एवढाच विषय राहिला.

"अहो, त्यांना एकदा जेवायलाच बोलवा," बायको म्हणाली. "रोज ताटावर असतातच."

शेवटी मंगळवारी मिस्त्री म्हणाला, "साहेब, तुम्ही शोरूमच्या काकूंकडे स्वतः जाऊन या. आणि चाक स्वतःसाठीच हवंय म्हणून सांगा. त्या बाईंना 'मित्रासाठी' वगैरे चालत नाही." औषधवाल्यांनी यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं.

बुधवारी दोन तास बसने जाऊन ते पोचले. काकूंच्या यजमानांची एके काळी या गाड्यांची शोरूम होती. काचेपलीकडे आता गाडी एकही नव्हती. भिंतभर लाकडी खण होते, त्यांत खाकी कागदात गुंडाळलेले भाग, आणि मध्ये टेबलाशी पंचाहत्तरीच्या काकू वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत बसलेल्या.

"सहज इकडून जात होतो," औषधवाले म्हणाले.

"या गावातून सहज कोणी कुठे जात नाही. रस्ता इथेच संपतो. काय हवंय?"

"माझ्या एका मित्राला सव्विशी हवी होती. तशी घाई काही नाही."

काकूंनी पेन्सिल खाली ठेवली. खण उघडला, एक पुडकं काढून टेबलावर ठेवलं आणि कागद सोडला. आत तेलाने माखलेलं, कोरं करकरीत चाक. औषधवाल्यांनी नकळत दाते मोजले. सव्वीस!

"एकच उरलंय," काकू म्हणाल्या, "आणि ते मी एकांसाठी बाजूला काढून ठेवलंय. सोमवारी त्यांच्या मिस्त्रीचा फोन आला होता. त्या गृहस्थांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली आहे हो. वडलांच्या गाडीवरून एकदा फिरावं एवढीच तिची शेवटची इच्छा. मिस्त्री बोलता बोलता रडायला लागला."

'तो' हाच! औषधवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन महिने ज्याने छळलं, तो आता बहिणीचं दुखणं पुढे करून चाक पळवणार!

"काकू, रागावू नका, पण तुम्हाला चक्क बनवताहेत," ते म्हणाले. "अंथरुणाला खिळलेली बाई मोटरसायकलवर बसेल कशी? हा माणूस पक्का लबाड आहे. मी ऐकून आहे त्याच्याबद्दल. गावोगाव माणसं सोडलीत त्याने."

"असं?"

"बहीण-बिहीण काही नसणार. असल्या गोष्टी रचून सांगताना माणसाला जनाची नाही तर मनाची तरी हवी."

"मग तुमच्या मित्राला देऊ म्हणता?"

"एक मिनिट हं," म्हणून औषधवाले बाहेर आले आणि पायरीवर उभं राहून त्यांनी मिस्त्रीला फोन लावला. "अरे, तो इथेही पोचला! त्याच्या मिस्त्रीने काकूंना बहिणीची गोष्ट सांगून पार विरघळवलंय. तू त्याच्यापेक्षा काहीतरी जबरदस्त रचून आत्ताच्या आत्ता फोन कर."

पलीकडे हातातला पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मिस्त्री म्हणाला, "साहेब, ते तुम्हीच आहात."

"कोण?"

"तोच तो. सोमवारी मीच केला होता फोन. तुमचं नाव काढायचं नव्हतं, म्हणून नाही काढलं. ताई धडधाकट आहेत असं सांगून काम झालं नसतं, म्हणून जरा आजारी पाडलं. आणि तो टायवाला म्हणजे तुमचाच खोकल्याच्या औषधाचा प्रतिनिधी. बाकी गावांतही आपलीच माणसं फिरत होती, साहेब. दुसरं कोणी नव्हतंच."

औषधवाल्यांनी फोन खिशात ठेवला. तीन महिन्यांत त्या माणसाला त्यांनी काय काय म्हणून घेतलं होतं, ते एकेक आठवत ते पायरीवर उभे राहिले. समोर बस उभी होती. तिच्यात बसून सरळ घर गाठावं असं त्यांना मनापासून वाटलं. पण आत टेबलावर चाक होतं, आणि मध्ये फक्त दोन दिवस होते. ते मुकाट्याने आत गेले.

"तो लबाड माणूस मीच," ते म्हणाले.

"माझ्या लक्षात आलं होतं," काकू म्हणाल्या. "बहीण आहे म्हटल्यावर तुमचे कान लाल झाले. मित्रासाठी आलेल्यांचे होत नाहीत. बहीण खरंच आहे का?"

"आहे. अंथरुणाला वगैरे नाही खिळलेली, चांगली ठणठणीत आहे. शनिवारी परदेशी चाललीय, कायमची."

"आणि ही तिची इच्छा."

औषधवाले 'हो' म्हणणार होते. इतके दिवस घरी-दारी तेच म्हणत आले होते. पण काकू चष्म्यावरून बघत होत्या, आणि एका दिवसात माणूस थापा मारणार तरी किती?

"नाही," ते म्हणाले. "तिने काही मागितलेलं नाही. तिला या गाडीचं नावसुद्धा नकोय, म्हणते भंगारात घाल एकदाची. मलाच हवंय. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ताई त्याच महिन्यात नोकरीला लागली आणि त्यांची गाडी चालवायला शिकली. मला शाळेत सोडून कामावर जायची. लोक हसायचे, ती बघायचीसुद्धा नाही. सहा वर्षं मी रोज तिच्या मागे बसलो. मला ती जायला नकोय, काकू. पण ते आता माझ्या हातात नाही. म्हणून एकदा तिच्या मागे बसायचंय."

एवढं बोलून अठ्ठावन्न वर्षांच्या त्या गृहस्थांनी चष्मा काढला आणि तो पुसायला रुमाल शोधू लागले. काकूंनी चाक पुन्हा कागदात गुंडाळलं, सुतळीची गाठ मारली आणि पुडकं त्यांच्या हातात दिलं.

"तुमच्या मिस्त्रीची गोष्ट जास्त रंगतदार होती," त्या म्हणाल्या. "पण ही बरी आहे."

मिस्त्रीने गुरुवारी चाक बसवलं. शुक्रवारी सकाळी बॅगा भरायच्या सोडून ताई आली ती चिडूनच. "मला वेळ नाहीये, काय पोरखेळ मांडलाय हा," असं म्हणत तिने गाडीला एक फेरी मारली, आरसा पुसला, तो आपल्या उंचीला वळवला आणि पुढे बसली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. व्हरांडा धुराने भरला. दारात बायको, फाटकाशी मिस्त्री.

औषधवाले मागे बसले. पूर्वी पाय खाली पोचायचे नाहीत, आता दोन्ही जमिनीला टेकून वर गुडघे बाहेर येत होते. तिचे खांदेही केवढे लहान झाले होते. त्यांनी ते जपून धरले.

"बसलास नीट?" ताईने मागे न बघता विचारलं. "हो म्हण, म्हणजे निघते."

औषधवाल्यांनी बराच वेळ हो म्हटलं नाही.