पाचवं कुलूप

हे झालं दोन हजार चोवीस साली, काशीगावात. त्याआधी शेजारच्या गावातली एक पतपेढी बुडाली होती, म्हणून गावदेवीच्या जत्रेचे पैसे कुठे ठेवावेत याचा सगळ्यांना घोर लागला होता. रखमाबाईंचा नातू धर्मेश म्हणाला, "क्रिप्टोत ठेवूया, इंटरनेटवरच्या नाण्यांत. तिथं मालकच नाही, तर बुडवणार कोण?"

"दलाल पन न्हाय?" मिठागरांच्या काळात रखमाबाईंनी दलाल पुष्कळ पाहिले होते.

"न्हाय गं आजी. जगभरातली लोकं आपापसात नाणी बदलतात. आपली नाणी त्या बाजारात ठेवायची, थोडी थोडी फी आपल्याला मिळते."

"दलाल चोर असतो रं, पन त्याचं घर ठावं असतं. दारात जाऊन बोंबलता येतं."

त्यांचं कोण ऐकणार? देवीच्या पेटीला पूर्वापार पाच कुलपं. पाच मानकरी घरांत एकेक किल्ली, पाचही जमले तरच पेटी उघडायची. धर्मेशने जत्रेच्या पैशांची नाणी घेतली आणि तीच व्यवस्था पाचही मानकऱ्यांच्या मोबाईलवर केली. तिघांनी होकार दिला तरी पैसे निघतील अशी सोय करता येते, असं तो परोपरीने सांगत होता. मानकरी उसळले. "मग बाकी दोघांनी काय टाळ कुटायचे?" पाच म्हणजे पाचच! प्रत्येकाला बारा शब्द लिहिलेला कागद मिळाला. मोबाईल हरवला, तर त्या शब्दांनीच किल्ली परत मिळायची.

जत्रा तोंडावर आली. पैसे काढायला चौघांनी आपापल्या मोबाईलवर होकाराचं बोट टेकलं. पाचवे मानकरी बाबाजी घरातून हलेनात. "मागल्या जत्रेत मला पयला नारळ दिला न्हाय. मी रुसलोय."

रुसणं गावाला नवं नव्हतं. रखमाबाईंचे सासरे, तेव्हाचे मानकरी धर्माबाबा, एकदा असेच रुसले, तेव्हा सारा गाव वाजतगाजत त्यांच्या दारात गेला होता. नसतेच मानले, तर कुलूप तोडायला लोहार होता. आता लोहाराने घाव घालायचा कशावर? इकडे मंडपवाल्याचे फोनवर फोन, तिकडे गाव धर्मेशकडे तो चोर असल्यासारखं बघणारं. वैतागून रखमाबाई स्वतःच नारळ घेऊन निघाल्या.

"घ्या भावजी, पयला नारळ. आता टेका बोट."

बाबाजींनी हात पुढे केला नाही. "नारळाचं न्हाय ओ वैनी. मोबाईल दिला."

"कोनाला?"

"स्टेशनजवळच्या दुकानात. जुना द्या, नवा घ्या. सूट होती."

"आनि बारा शब्दांचा कागद?"

"मोबाईलच्या कव्हरात होता. हरवू नये म्हनून."

रखमाबाईंनी नारळ ओट्यावर ठेवला. "मग तोंड फुगवून का बसलात एवढे दिवस?"

"काय करू? रुसलेल्याला लोकं मनवायला येतात. येड्याला हसतात."

दुकानदाराने जुने मोबाईल कधीच घाऊक विकले होते. तक्रार करायला ऑफिस नाही, मॅनेजर नाही, बोंबलायला दार नाही.

त्या वर्षीची जत्रा घरोघरच्या वर्गणीवर, अर्ध्या मंडपात झाली. धर्मेश आता हाटकेशच्या एका कारखान्यात नोकरी करतो. नाण्यांचं नाव काढलं की उठून जातो. बाबाजींना पुढच्या जत्रेत पहिला नारळ मिळाला, तो त्यांनी खाली मान घालून घेतला. देवीचे पैसे आहेत तिथेच आहेत, वाढलेत म्हणे. कोणालाही दिसतात, कोणालाच काढता येत नाहीत.

रखमाबाईंनी जुनी पेटी बाहेर काढून पाचही कुलपांना तेल घातलं. त्या लोहाराचा मुलगा घोडबंदरला राहतो. त्याचा नंबर त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय.