बोक्याला दिलेली बाटली

पाणक्याने संघाच्या गाडीच्या खिडकीतून शेवटची बाटली घेतली, जर्सीत मानेखाली कोंबली आणि पुन्हा घोळक्याच्या मागे लागला. पाठीवर पोक आल्यासारखं दिसत होतं. ऊन असं की डांबर चाकाला चिकटून चर्र आवाज करत होतं. पुढे दीड-दोनशे सायकली. त्यांच्यातून वाट काढत निळ्या जर्सीच्या प्रत्येकाला बाटली पोचवायची, संघातल्या उंच्याला दोन द्यायच्या कारण तो अंगावर जास्त ओततो आणि पितो कमी, आणि सगळ्यात थंड असेल ती कप्तानासाठी राखायची, हे त्याचं काम. दहा-अकरा वर्षं तो हेच करत होता. खरं नाव घेऊन त्याला हाक मारणारी माणसं आता घरचीच तेवढी उरली होती.

मध्येच डावीकडून एक हात पुढे आला. बाही लाल होती. लाल संघाचा कप्तान दिवसभर कुणाच्या तरी मागे दबून राहायचा आणि शेवटच्या चढावर झडप घालायचा, म्हणून सगळे त्याला बोका म्हणत. आज मात्र बोक्याचे ओठ पांढरेफटक पडले होते आणि त्याच्या संघाची गाडी मागे कुठेतरी अडकली होती. पाणक्याने विचार केलाच नाही. कुणी हात पुढे केला की त्याचा हात आपसूक पाठीकडे जाई. बोक्याने बाटली घेतली, मान हलवली आणि पुढे सरकला. नेमकी तेव्हाच कॅमेऱ्याची मोटरसायकल शेजारून चालली होती.

संध्याकाळपर्यंत पाणक्या पुढच्या वर्षी लाल संघात जाणार ही बातमी सगळीकडे झाली. खुद्द पाणक्याला ती सगळ्यात शेवटी कळली, तीही मालिशच्या टेबलावर पालथा पडलेला असताना.

या धंद्याची तऱ्हाच तशी. करार वर्षाअखेर संपतात, पण ठरलेल्या तारखेआधी दुसऱ्या संघाशी बोलायला बंदी. त्यामुळे बोलतात सगळेच, आणि बोललेलं कुणीच नसतं. मग लोक रस्त्यावर नजर ठेवतात. कोण कोणाच्या शेजारी जास्त वेळ चालवतोय, कोणी पुढे राहून कोणासाठी वारा अडवला, कोणी कोणाला पाणी दिलं. तेवढ्यावरून सोयरीक जुळवून मोकळे होतात. जाणारा माणूस नव्या धन्याची कामं आधीच करायला लागतो, हे खोटंही नाही. आणि ज्याच्याबद्दल बोभाटा झाला त्याने नाही म्हटलं तर ते पक्कंच समजायचं, कारण हो म्हणायची सोयच नसते.

"काका, मला कुणी विचारलेलंसुद्धा नाही," पाणक्या उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"असंच म्हणायचं," मालिशवाले काका त्याच्या पोटरीत अंगठा रुतवत म्हणाले. "अगदी असंच."

खरी परिस्थिती अशी होती की पाणक्याला कुणीच विचारत नव्हतं. वय चौतीस. त्याचा करार संपत आला होता आणि मॅनेजर "बघू" यापलीकडे शब्द काढत नव्हता. एजंट फोन उचलत नव्हता. घरी बायकोचा जीव टांगणीला लागलेला; मुलीला इथल्या शाळेत घालायचं की घर सोडून माहेरच्या गावी जायचं, हे ठरेना. मेहुण्याचं टायरचं दुकान होतं. "भावजी, काउंटर तुमचंच समजा," असं तो दर भेटीला म्हणायचा, आणि म्हणताना पाणक्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. त्या हाताच्या आठवणीने पाणक्याला रात्री गादी टोचायची. टायरशी त्याचं वाकडं नव्हतं. पण सायकल चालवायची सोडून टायर विकत बसायचं, हे त्याला नको होतं.

मालिश आटोपून तो उठला तेव्हा एजंटचे चार फोन येऊन गेले होते. पाणक्याने फोन उलटा करून खिशात घातला, परत काढला, परत घातला. जिना उतरला आणि काही काम नसताना परत चढला.

बायकोचा फोन आला तो रडक्या आवाजातच. मला टीव्हीवरून कळायचं का, असं ती रागाने म्हणाली आणि लगेच हसायला लागली. तिने आईला सांगून टाकलं होतं. भावालाही ऐकवलं होतं की तुझं दुकान तुला लखलाभ. लाल रंग तुला शोभेल, असंही म्हणाली. इतकं मोकळं हसू पाणक्याने कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. अगं, तसलं काही नाही, हे वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. ते त्याने गिळलं आणि "बघू" म्हणाला. मॅनेजरचाच शब्द आपल्या तोंडून आला हे फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं.

जेवणाच्या आधी तो हॉटेलच्या खोलीतल्या बेसिनमध्ये बूट धूत उभा राहिला. ही खोली त्याची आणि कप्तानाची. कप्तान म्हणजे शेंडेफळ. संघात आला तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं, म्हणून हे नाव पडलं. आता शर्यती जिंकतो, तरी नाव काही सुटलं नाही. पहिल्या वर्षी ते पोरगं उतारावर डोळे मिटून घ्यायचं. पाणक्याने त्याला आपल्या मागच्या चाकाकडे बघत उतरायला शिकवलं. कधी खायचं, कधी लपायचं, हरल्यावर कोणाशी बोलायचं नाही, सगळं शिकवलं. धाकटा भाऊ असता तर याच्यापेक्षा काय वेगळा असता, असं पाणक्याला वाटायचं.

शेंडेफळ दारात येऊन उभा राहिला. फोन त्याच्या मुठीत होता.

"दादा, मला तरी खरं सांग. तू चाललायस?"

नाही रे बाबा, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो. पण पाणक्याच्या मनात दुसरंच चक्र सुरू झालं. या पोराच्या पोटात काही राहत नाही. आत्ता सांगावं, तर जेवणाच्या टेबलावर हा सगळ्यांसमोर बोलून मोकळा होईल, आणि याच्या बोलण्यावर तर लोक विश्वासही ठेवतील. संध्याकाळपासून मॅनेजर दोनदा त्याच्या शेजारून गेला होता आणि दोन्ही वेळा थबकला होता. एक दिवस. फक्त मॅनेजरला घाम फुटेपर्यंत. करार हातात पडला की पहिल्यांदा यालाच सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं.

"लोक काय, काहीही बोलतात," तो म्हणाला. "तुझे बूट दे इकडे, ते पण धुतो."

शेंडेफळ जागचा हलला नाही.

"म्हणजे ठरलंय."

"मी असं कुठे म्हटलं?"

"नाही, असंही म्हणाला नाहीस."

पाणक्याने नळ जरा मोठा सोडला. मागे वळून पाहिलं तेव्हा दारात बूट नीट शेजारी-शेजारी ठेवलेले होते आणि शेंडेफळ कॉरिडॉरच्या टोकाला पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. जेवताना तो उंच्याच्या शेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी शर्यतीत पाणक्याला चैन पडेना. लाल संघाची पोरं ओळख दाखवायला लागली. एकाने तर पुढे जायला वाट करून दिली, आणि ते पाहून मागून कुणीतरी शीळ घातली. सपाटीवर बोका स्वतःच शेजारी आला.

"तू आमच्याकडे येतोयस म्हणे."

"मीही तेच ऐकलं," पाणक्या म्हणाला.

"मला कुणी काही बोललं नाही बुवा. पण आलास तर पाणी जरा थंड आण. कालचं चहासारखं होतं."

पाणक्या हसला आणि लगेच त्याने इकडेतिकडे पाहिलं. शेंडेफळ चार सायकली पुढे होता. त्याने एकदा मागे पाहिलं आणि मान वळवली. त्या दिवशी पाणक्या बाटल्या घेऊन पुढे आला तेव्हा शेंडेफळाच्या सायकलवरच्या पिंजऱ्यात आधीच भरलेली बाटली होती. उंच्याने आणली होती म्हणे. उंच्या आणि पाणी आणणार! पाणक्याला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. राखून ठेवलेली थंड बाटली त्याने स्वतःच्या डोक्यावर ओतली.

त्यानंतरच्या, शर्यतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी मॅनेजरने त्याला बसमध्ये बोलावलं. लाल संघाने काय देऊ केलंय ते मला ऐकायचंच नाही, अशी त्याने सुरुवात केली. पाणक्या मूग गिळून बसला. मॅनेजर म्हणाला की माणसं अशी वाऱ्यावर सोडायची आपली पद्धत नाही, आणि कागद पुढे सरकवले. दोन वर्षं. पाणक्याने वर्षांचा आकडा पुन्हा पाहिला आणि सही केली.

बसच्या मागे जाऊन त्याने बायकोला फोन लावला. लाल नाही, निळाच, असं त्याने सांगितलं. ती म्हणाली, ते जाऊ दे, मी शाळेत पैसे भरू का ते सांग. भर, म्हणाला. त्याने फोन लगेच ठेवला.

शेवटचा टप्पा. घाट दुपारी होता, तोवर घोळका निवांत गप्पा मारत चाललेला. पाणक्या वाट काढत शेंडेफळाच्या शेजारी आला. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला हलकं वाटत होतं.

"ऐक. मी कुठेही जात नाहीये. सकाळी सही केली. दोन वर्षं."

शेंडेफळाचे पाय थांबले. सायकल नुसतीच पुढे जात राहिली.

"मग त्या दिवशी विचारलं तेव्हा का नाही बोललास?"

"तेव्हा सही झाली नव्हती."

"पण तेव्हा तू जातही नव्हतास ना."

पाणक्या घोटभर पाणी प्यायला आणि त्याने बाटली परत ठेवली. शेंडेफळ हँडलकडे बघत बोलायला लागला, हळू, शेजारच्यांना ऐकू जाणार नाही इतपत. तो चालला होता. पांढऱ्या जर्सीचा, सगळ्यात मोठा संघ. त्यांनी सांगितलं होतं, सोबत एक माणूस आण, तुला हवा तो.

"परवा ते फोनवरच होते. म्हटलं, जरा थांबा, दादाला विचारून येतो. मग तू बूट धुवायला लागलास." त्याने नाक पुसलं. "उंच्याचं नाव दिलं मी."

पांढऱ्या संघाचं पाणक्याला काही नव्हतं. पण पुढच्या वर्षी उतारावर या पोराच्या पुढे उंच्याचं चाक असणार, आणि उंच्याला वळण कुठे कापायचं ते अजून कळत नाही, हे त्याच्या डोळ्यांसमोर आलं. आपल्याच हाताने आपण हे केलं. लाल संघाला नाही म्हणायची वेळ कधी आलीच नव्हती. या एकट्याला नाही म्हणायचं होतं, आणि ते राहून गेलं.

"उंच्याला उतारावर पुढे ठेवू नकोस," तो म्हणाला. "तो ब्रेक उशिरा दाबतो."

"माहीत आहे." शेंडेफळ म्हणाला, "मॅनेजरला अजून सांगितलेलं नाही. तू बोलू नकोस, दादा."

घाटाच्या पायथ्याची कमान दिसायला लागली तसे सगळे गप्प झाले आणि सायकली एकमेकींना खेटल्या. शेंडेफळाने रिकामी बाटली रस्त्याकडेला टाकली आणि न बघता हात मागे केला. पाणक्याचा हात पाठीकडे गेला. पाठीवर काहीच नव्हतं. गप्पांच्या नादात तो पाणी आणायला गेलाच नव्हता. त्याने हात वर करून गाडीला खूण केली आणि घोळक्यातून मागे मागे येत राहिला.

मॅनेजर खुशीत होता. एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने तो खिडकीतून बाटल्या देत होता आणि तोंड चालूच होतं. आता मला झोप लागेल, म्हणाला.

"तुला म्हणून सांगतो, ती सही मी तुझ्यासाठी नाही घेतली. त्या पोरासाठी घेतली. तू इथे आहेस म्हटल्यावर तो कुठे जातोय?"

पाणक्या एकेक बाटली पाठीत कोंबत होता. शेवटची बर्फासारखी गार होती. ती त्याने पाठीत न घालता हातातच ठेवली.

"आत्ता एवढा वेळ बोलत होतात," मॅनेजर म्हणाला. "काय म्हणतोय तो?"

पाणक्याने गाडीच्या खिडकीवरचा हात काढला.

"पाणी मागतोय," तो म्हणाला आणि उभा राहून पायडल मारायला लागला.