मुका केलेला भोंगा

मी बोटीच्या इंजिनाचा भोंगा बोलतोय. सुपारीएवढा माझा देह, चावीजवळच्या डब्यात बसवलेला. इंजिन तापलं की ओरडायचं, एवढंच माझं काम. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि पुरातून माणसं काढायला एक बोट आली. तिच्यासोबत मी भनपुरीच्या शेडमध्ये आलो.

बोट चालवायचे मारोती मेश्राम. मूळचे भंडाऱ्याकडचे, अबोल. एकदा तलावात सराव चालू असताना मी वाजू लागलो. त्यांनी तात्काळ इंजिन बंद केलं. ऑइल पाहिलं, भरलेलं होतं. क्षणभर इंजिन सुरू करून मागे वाकले. इंजिन थंड करून पाण्याची जी धार मागून जोरात बाहेर पडायला हवी, ती नुसती ठिबकत होती. जाळीत अडकलेलं शेवाळ आणि प्लास्टिकची पन्नी काढली. तरी मी वाजलोच. शेवटी पंप उघडला. आतल्या रबरी पंख्याची दोन पाती तुटली होती.

मागणीचा कागद वर गेला. चार महिने झाले, पंखा काही आला नाही.

मग एक मोठे साहेब बोटीची पाहणी करायला आले. ते बोटीत असतानाच मी ओरडलो. "ये चीं-चीं बंद करो!" साहेब खेकसले. मेकॅनिक शालिग्रामनं माझी वायर उपटली.

"काहून काढली बे? तो खोटं नाही बोलून राहिला," मारोती म्हणाले.

"साहेबाचा हुकूम हाय, भाऊ. पंखा आला का लावतो."

श्रावणात खारून नदी चढली. एका छपरावर माणसं अडकली होती. मारोती त्याच इंजिनावर निघाले. पहिल्या खेपेत पोरं काढली. दुसऱ्या खेपेत म्हातारी शेवंता आणि तिची सून इंदू बसल्या. पाऊस असा, की इंजिनामागची पाण्याची धार दिसेना. इंजिन तापत गेलं. मी वाजलो असतो, तर मारोतींनी झाडाला बोट बांधून ते थंड होऊ दिलं असतं. मी गप्प होतो. भर प्रवाहात इंजिन जाम झालं. बोट पुलाच्या खांबावर आदळून उलटली. इंदू मारोतींच्या हाताला लागली. शेवंता नाही लागली.

चौकशीची माणसं यायच्या आधी शालिग्रामनं माझी वायर जोडून टाकली.

"वायर काढली होती, साहेब," मारोतींनी चौकशीवाल्यांना सांगितलं.

"मले नाही मालूम," शालिग्राम खाली पाहत पुटपुटला.

चौकशीवाल्यांनी बॅटरी जोडून मला तपासलं. मी काय करणार? वाजलो. खणखणीत वाजलो. त्यांनी लिहून घेतलं: भोंगा चालू, चालकाने दुर्लक्ष केले.

इंदू दाराशी उभी होती. "अतका जोर से बाजथे, तभो नइ सुनिस?" तिनं मारोतींना विचारलं. एवढ्या जोरात वाजतो, तरी ऐकलं नाहीस? मारोतींची नोकरी गेली.

आता मी एका कपाटात, पुरावा म्हणून लाखेनं सील केलेल्या पिशवीत पडून आहे. इथून माझा आवाज कुणापर्यंत जात नाही. तुम्हाला कधी इंदू भेटली, तर तिला एवढं सांगा: त्या दिवशी मी वाजलोच नव्हतो.