चार गिअर उलटे

ओस्वाल्दीरने चाळीस वर्षांत आपल्या अंगणातल्या शेडमध्ये एकोणीस तिचाकी मोटारसायकली बांधल्या, आणि एकीलाही नवा माल लावला नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागची दोन चाकं फुस्काची, म्हणजे त्या कुबड्या पाठीच्या जुन्या बीटल मोटारीची. पुढचा फोर्क कुठल्यातरी आपटलेल्या मोटारसायकलचा, आणि हँडल पाण्याच्या पाइपाचं. पेद्रा मान्सा गावात एखादी फुस्का धडकली की भंगारवाला आधी ओस्वाल्दीरला फोन करायचा आणि मग गाडीच्या मालकाला.

विसावी गाडी मात्र त्याची मुलगी बांधत होती, त्याच्यासाठीच. साखरेच्या आजारात त्याचे दोन्ही पाय गुडघ्याखालून गेले, त्याला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून हा माणूस चाकाच्या खुर्चीत बसून अख्ख्या गल्लीचं डोकं खात होता.

दर बारा ऑक्टोबरला, अपारेसीदा मातेच्या सणाला, गावातले सगळे मोटारसायकलवाले त्याच्या अंगणातून निघून टेकडीवरच्या चर्चपर्यंत जात. तिथे फादर बादलीतलं पवित्र पाणी एकेका गाडीवर शिंपडत. एकतीस वर्षं ओस्वाल्दीर सगळ्यांच्या पुढे असायचा. पाय गेल्यापासून एकदाही गेला नव्हता. लोक मोटारीतून न्यायला यायचे, तर हा त्यांच्यावरच खेकसायचा. "मी काय सामान आहे? हँडल माझ्या हातात असेल तर येईन."

आणि या ईस्टरला जेवताना तो शांतपणे म्हणाला होता, "जांदिरा, या वर्षीही जमलं नाही तर शेड मागतोय त्या टायरवाल्याला ती देऊन टाक." खेकसून म्हणाला असता तर तिने भीक घातली नसती. पण तो शांत होता, म्हणून तिने त्याच रात्री शेडमध्ये दिवा लावला. शेड गेली की मागोमाग बाबाही जाणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

जांदिरा एक्केचाळीस वर्षांची होती. सकाळ-दुपार शाळेची बस चालवायची आणि संध्याकाळी शेडमध्ये राबायची. क्लच आणि ब्रेक तिने हातावर आणले, ते कुणीही आणेल. खरी अडचण खुर्चीची होती. पोचल्यावर बाबांना उतरवायला माणूस शोधावा लागला तर उपयोग काय? या गाड्यांचं इंजिन शेपटीला लटकतं, खुर्ची ठेवायला तिथे जागाच नसते. मग या बाईने इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून सगळं धूड उलटं फिरवलं. इंजिन सीटखाली घेतलं आणि मोकळ्या शेपटीवर खालीवर होणारी लोखंडी फळी बसवली. सीटवरून सरकायचं, फळी खाली करायची, आपली खुर्ची आपण ओढून घ्यायची. आसपासच्या तीन तालुक्यांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अशा डोक्याला हात जोडावेत!

ओस्वाल्दीर रोज भोवती चकरा मारायचा.

"ही वेल्डिंग आहे का कोंबडी बसून गेलीय?"

"चष्मा पुसा, बाबा."

"आणि हे हँडल? एवढं रुंद? मी काय गाय आहे?"

"गाय एवढं बोलत नाही."

गिअरबॉक्सबद्दल मात्र तो अवाक्षर काढत नसे. शेडचा तसा नियमच होता, आणि तो त्यानेच घातलेला. जो गिअरबॉक्स बंद करेल त्याने लाल रंगात अंगठा बुडवून त्यावर उमटवायचा. मग दुसऱ्याने तो उघडायचा नाही आणि आत काय केलंस म्हणून विचारायचंही नाही. फुकट सल्ले देणाऱ्यांना वैतागून त्याने हा नियम काढला होता. या खेपेला अंगठा जांदिराचा होता.

बारा तारखेला सकाळी फाटकाबाहेर चाळीस गाड्या उभ्या राहिल्या. जांदिरा पहाटेपर्यंत ब्रेकची नळी बसवत होती, त्यामुळे गाडी चालवून बघायला वेळच उरला नव्हता. ओस्वाल्दीर स्वतः सीटवर सरकला, खुर्ची स्वतः मिटून मागे चढवली. टाळ्या पडल्या. त्याने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि गाडी सणसणत मागे गेली. मागे टेबल होतं. कॉफीचे थर्मास, चीजचे गोल पाव, सगळं अंगणभर झालं. कोंबड्या ओरडत भिंतीवर चढल्या.

"उस्ताद, चर्च इकडे आहे!" मोटारसायकलवाल्यांच्या क्लबचा म्होरक्या नेस्तोर ओरडला, आणि चाळीस जण खो खो हसत सुटले.

जांदिराला आपली चूक तिथेच कळली. गिअरबॉक्स उलटा फिरवला की चाकंही उलटी फिरतात. म्हणून आतला क्राउन, म्हणजे चाकांना फिरवणारं मोठं दातेरी चक्र, काढून दुसऱ्या बाजूला बसवायचा असतो. बाकी शंभर गोष्टी तिने डोळ्यांत तेल घालून केल्या आणि हीच एक राहून गेली. आता गाडीला मागे जायचे चार गिअर होते आणि पुढे जायचा एक. दुरुस्त करायचं म्हणजे इंजिन उतरवा, सगळं खोला. दोन दिवस कुठे गेले नाहीत. तिला इतकी लाज वाटली की बापाकडे बघवेना.

ओस्वाल्दीरने ब्रेक आवळून धरला होता. तो हसला नाही.

"अंगठा कुणाचा आहे?"

"माझा."

"मग तूच बोल. काय करायचं?"

जांदिराने तोंडावरून हात फिरवला.

"रिव्हर्स टाका, बाबा. आता तोच पुढचा. वीसच्या वर पळणार नाही, पण पोचवेल."

"वीसने?" नेस्तोर म्हणाला. "जांदिरा, आमच्या गाड्या तापून बंद पडतील. तोवर फादर जेवायला जातील."

"मग तुम्ही व्हा पुढे. आम्ही येतो."

एकेक करून ते ओशाळल्यागत निघून गेले. ओस्वाल्दीरने रिव्हर्स टाकला आणि गाडी रडतखडत का होईना, फाटकाबाहेर पडली. जांदिरा तिच्या छोट्या मोटारसायकलवर मागून निघाली. चार किलोमीटर. एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं आणि वर टोपी काढून नमस्कारही केला. टेकडीच्या दगडी चढावर मात्र तो हळू गिअर कामाला आला. गाडी एका लयीत, न थांबता चढत राहिली. समोर बापाची ताठ पाठ होती. ती पाठ अशी ताठ तिने तीन वर्षांत बघितली नव्हती, आणि तिला रडू आवरेना.

वर पोचले तेव्हा सोहळा आटपला होता. पण नेस्तोरने आपली गाडी चर्चच्या दारात आडवी लावली होती आणि तिची किल्ली त्याला काही केल्या सापडत नव्हती. आत अडकलेले फादर भुकेने लालबुंद झाले होते. ओस्वाल्दीरला बघताच किल्ली सापडली. फादरनी शिंपडण्याचीही तसदी घेतली नाही, उरलेली बादली गाडीवर आणि ओस्वाल्दीरवर सरळ ओतली.

निथळत्या ओस्वाल्दीरने फळी खाली केली, खुर्ची ओढून घेतली आणि एकटाच आत गेला. मदतीला धावलेल्या नेस्तोरचा दंड जांदिराने धरून ठेवला. मातेपुढे तो बराच वेळ बसला. बाहेर येऊन पुन्हा सीटवर चढला तोवर चौक रिकामा झाला होता.

"टायरवाल्याला सांग, शेड मिळणार नाही," तो म्हणाला. "आणि गिअरबॉक्स परवा उघड. मी शेजारी बसतो."

"आजच उघडते, बाबा."

"परवा म्हणालो ना? मागे जायचे चार आहेत ना?"

"हो."

"चारही धड?"

"धड आहेत."

"मग बस मागे. तोंड तिकडे कर."

ती त्याच्या पाठीला पाठ लावून बसली. गाडी मागे निघाली. पहिला, दुसरा, मग तिसरा. चर्चभोवतीची फरसबंदी तिच्या डोळ्यांसमोर धावत येऊ लागली. मागे बसून कुणी रस्ता सांगितला की गाडी थांबवून त्याला उतरवणारा हा माणूस आता ओरडून विचारत होता, "बोल! कुठे वळू?"

"डावीकडे! आणखी! आता सरळ, बाबा, सरळ!"

ती सांगेल तसं तो हँडल वळवत होता, पोट धरून हसावं तसा हसत होता, आणि एकदाही त्याने मान मागे वळवली नाही.