मुशीत सांडलेला संताचा घोट

मी मूस बोलतेय. सोनाराकडची चिमुकली मूस नव्हे हं! ब्राझीलमधल्या अराशा गावच्या कारखान्यातली, पोटात दोन बैल मावतील एवढी. बाहेरून लोखंड, आतून भट्टीच्या विटांचं अस्तर. माझ्या पोटात धातू जन्माला येतो.

आणि तोही सरपणाशिवाय! नायोबियम नावाच्या धातूच्या ऑक्साइडची पूड घ्यायची, तीत ॲल्युमिनियमची भुकटी कालवायची. एक ठिणगी पडली, की ॲल्युमिनियम त्या पुडीतला ऑक्सिजन असा हिसकावून घेतं, की त्या झटापटीतूनच डोळे दिपवणारी आग उठते. धातू तळाशी बसतो, मळी वर तरंगते. ज्याच्या पातेल्यात घरोघरी भात शिजतो, त्याच्या अंगात एवढं बळ! कितीदा अनुभवलं, तरी माझी छाती दडपतेच.

पथ्य एकच: ओल नको. ओलीची वाफ झाली, की वितळलेला धातू उसळून माणसांच्या अंगावर येतो. इथला जुना कामगार झेफेरीनो तीस वर्षं सगळ्यांना हेच बजावत आला. ठिणगी लावायचा मान त्याचा. त्याची मुलगी इव्होनेत इथेच इंजिनिअर झाली.

गेल्या महिन्यात झेफेरीनोचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. मी भरून तयार होते. दोस्तांनी चोरून उसाची दारू आणली. इथली रीत अशी, की पहिला घोट संताचा, तो जमिनीवर सांडायचा. झेफेरीनोने पेला उचलला.

"आई सांता बार्बरा, आगीची मालकीण तू. तुला जमिनीवर कशाला वाढू?" असं म्हणून त्याने तो घोट माझ्याच पोटात ओतला.

मला ओल कळली. तोंड एवढं मोठं, पण ओरडता येईना!

तेवढ्यात इव्होनेत आली आणि हवा हुंगून म्हणाली, "दारूचा वास कुठून येतोय?"

"संताला विचार, पोरी!" दोस्तांपैकी जोव्हियानो हसला.

"थट्टा पुरे. मुशीत कोणी ओतली?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. झेफेरीनोच्या हातात पेटवायची लांब सळई होती. गप्प राहिला असता, तर शेवटचा मान त्याचाच होता. त्याने सळई खाली ठेवली.

"मी ओतली."

"बाबा, तुम्ही? पण आज तुमचा शेवटचा..."

"इंजिनिअर तू की मी? ओल ती ओल. काम थांबव आणि मूस उपस!"

मला रिकामी करून तीन दिवस तापवून वाळवलं. चौथ्या दिवशी झेफेरीनो आला तो पाहुणा म्हणून, पाहुण्यांचं हेल्मेट घालून. त्याला जाड काचेमागे उभं केलं. ठिणगी इव्होनेतने लावली आणि ती वळून पळाली. सारी शेड पांढरीशुभ्र झाली.

"अगं आई गं! एवढं असतं होय हे?" म्हातारा पुटपुटला. तीस वर्षं तो ठिणगी लावून पाठमोरा पळत आला होता. पहिला भडका त्याने कधी पाहिलाच नव्हता.

माझं अस्तर आता भेगाळलंय, उद्या ते फोडतील. त्याचं मला दुःख नाही. जाताना मागणं एवढंच: जो ठिणगी लावतो, त्याला म्हातारा होण्याआधी एकदा तरी त्या काचेमागे उभं करा.